फळ्यांच्या आड ओंडके: मिनेसोटातल्या फिनिश घराची वारसानोंद

मिनेसोटाच्या ईशान्येला, सेंट लुईस काउंटीत एम्बॅरस आणि वासा या भागांत ओंडक्यांची घरं बघायला म्हणून कुणी गेलं, तर रस्त्यावरून फारसं काही हाती लागत नाही. दिसतात ती आडव्या फळ्या मारलेली, रंग दिलेली साधी शेतघरं. त्यांतल्या काहींच्या फळ्यांखाली फिनलंडहून आलेल्या लोकांनी कुऱ्हाडीने तासलेल्या ओंडक्यांच्या भिंती जशाच्या तशा उभ्या आहेत. अशा घरांची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत, म्हणजे जपण्याजोग्या ऐतिहासिक जागांच्या अमेरिकेच्या सरकारी यादीत, नोंद करणं आणि मग त्यांची दुरुस्ती बघणं, हे आमचं काम. नव्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या फळ्या कधी काढायच्या?

बहुतेक घरांत त्या काढायच्याच नसतात. ओंडका उघडा दिसला म्हणजेच घर ऐतिहासिक, ही समजूत अमेरिकेत फार जुनी आहे. 1840 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनच्या प्रचाराने लॉग केबिनचं चिन्हच केलं होतं, आणि तेव्हापासून हे घर म्हणजे गरिबीतून वर आलेल्या माणसाची खूण होऊन बसलं. फिनिश शेतकऱ्याला असल्या खुणेशी कर्तव्य नव्हतं. गिरणीत कापलेल्या फळ्या परवडल्या की तो त्या भिंतीवर मारून मोकळा व्हायचा. घर ऊबदार व्हायचं, ओंडक्याला पाणी लागायचं नाही आणि चारचौघांत घर शोभायचं. त्या फळ्या 1910 किंवा 1920 च्या दशकातल्या असतील तर त्याही इतिहासाचाच भाग. त्या उखडून आतलं ‘खरं’ घर दाखवायला गेलं की पुरावा जातोच, शिवाय इतकी वर्षं कोरडा राहिलेला ओंडका उन्हापावसात येतो. त्याच्या वरच्या बाजूच्या चिरांत पाणी साचतं आणि आधी कधीच न कुजलेली भिंत कुजायला लागते.

म्हणून पहिली पाहणी फळ्या न काढता करायची. दाराच्या चौकटीशी भिंतीची एकूण जाडी मोजा. साध्या सांगाड्याच्या भिंतीपेक्षा ती स्पष्टपणे जास्त भरली तर संशय घ्यायला जागा आहे. मग तळघरात किंवा जमिनीखालच्या पोकळीत उतरा आणि माळ्यावर चढा. या दोन जागांवर सहसा कुणी फळ्या मारत नाही, त्यामुळे तळाचा ओंडका आणि भिंतीचा सगळ्यात वरचा ओंडका तिथे उघडा सापडतो. एवढ्याने भागलं नाही तरच कोपऱ्यावरची, खिळे आधीच सैल झालेली एक फळी चपट्या पहारीने उचकटायची. तिच्या मागे क्रमांक टाकायचा, आतल्या सांध्याचा फोटो घ्यायचा आणि त्याच खिळ्यांच्या भोकांत ती परत बसवायची.

आत काय दिसायला हवं? फिनिश भिंतीत ओंडका दोन्ही बाजूंनी तासून साधारण 5 ते 6 इंच जाड केलेला असतो. कोपरा बहुधा डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट सांध्याचा, टोकं भिंतीच्या पातळीला कापलेली. तिरक्या उताराच्या त्या सांध्यात वरचं वजन जितकं पडेल तितके ओंडके एकमेकांना ओढून धरतात, खिळा लागत नाही. गोठे आणि गवताच्या कोठारांत मात्र याच माणसाने कमी मेहनतीची खाच वापरलेली दिसते. शेतातल्या कोठारांच्या भिंती तर मुद्दाम बाहेर झुकवलेल्या आणि फटी ठेवलेल्या असतात, म्हणजे गवताला वारा लागतो आणि भिंतीवरून पाणी आत उतरत नाही. एकाच शेतावर तीन इमारती आणि तीन प्रकारच्या खाचा असल्या तर तीन वेगळे कारागीर शोधत बसू नका. त्या इमारतींचे उपयोग वेगळे होते.

खरी ओळख पटते ती दोन ओंडक्यांच्या मधल्या रेषेवर. ब्रिटिश वळणाच्या अमेरिकन केबिनमध्ये ओंडक्यांत दोन-तीन इंचांची फट सोडून ती लाकडाच्या ढलप्या, दगड, माती आणि चुन्याने भरतात. फिनिश पद्धतीत फट नसतेच. वरचा ओंडका खालच्यावर तात्पुरता ठेवून ‘वारा’ (vara) या फिनिश नावाचं दोन टोकांचं लोखंडी हत्यार त्या दोघांवरून ओढत नेतात. खालच्या ओंडक्याचा प्रत्येक उंचवटा वरच्याच्या पोटावर रेघेने उमटतो. मग वरचा उलटा करून त्या दोन रेघांच्या मधलं लाकूड कोरून काढतात, म्हणजे त्याच्या पोटाखाली पालथ्या पन्हळीसारखी लांब खोबण तयार होते. तिच्यात शेवाळ किंवा चिंध्या पसरून तो कायमचा बसवतात. ठरावीक अंतरावर, आणि दार-खिडकीजवळ नक्की, लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. चांगल्या कामात दोन ओंडक्यांमध्ये चाकूचं पातं शिरत नाही. नोंदणीच्या अर्जात ‘कारागिरी’ हा मुद्दा लिहिताना आमचं सगळं वजन या खोबणीवर असतं. तिचा जवळून घेतलेला, शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो घराच्या दर्शनी फोटोपेक्षा जास्त बोलतो.

आणखी एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते: खिडकीच्या वरची. ओंडके वाळताना आडवे आकसतात आणि भिंत खाली बसते. ओल्या लाकडाची भिंत दर फुटामागे अर्धा ते पाऊण इंच खाली येऊ शकते, म्हणजे 8 फुटांच्या भिंतीला 4 ते 6 इंच. म्हणून मूळ कारागीर चौकटीच्या डोक्यावर मोकळी जागा सोडून तीत शेवाळ कोंबायचा आणि वर पट्टी मारून ती झाकायचा. पुढे कुणी तरी वारा येतो म्हणून तिथे लाकडी ठोकळे ठोकतं. मग सगळी भिंत चौकटीवर टेकते, तावदान तडकतं आणि खिडकीच्या बाजूच्या खोबणी उघडतात. नव्या मालकाला वाटतं, पाया खचला.

वय ठरवणं

‘आजोबांनी 1895 ला बांधलं’ एवढ्यावर नोंद होत नाही. पुरावे तीन बाजूंनी गोळा करावे लागतात आणि ते एकमेकांशी जुळावे लागतात.

पहिली बाजू कागदांची. 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली 160 एकरांपर्यंत जमीन मिळायची. त्यासाठी 5 वर्षं तिथे राहून ती कसायची अट होती. 1912 नंतर ती 3 वर्षांवर आली. शेवटी हक्क सिद्ध करताना दावेदार आणि दोन साक्षीदार लेखी जबाब द्यायचे आणि त्यांत घराचं वर्णन यायचं: लांबी-रुंदी, छप्पर कशाचं, दारं-खिडक्या किती, गोठा, विहीर, किती एकर मोडून लागवडीखाली आणले. परदेशातून आलेला माणूस असेल तर त्याच्या नागरिकत्वाची कागदपत्रंही त्याच फायलीत असतात. ही फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते, पण मागवताना जमिनीचं कायदेशीर वर्णन अचूक द्यावं लागतं: सरकारी जमीनमोजणीतले टाउनशिप, रेंज आणि सेक्शन हे क्रमांक. आडनावावर शोध घेणं धोक्याचं, कारण फिनिश आडनावं कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आणि कित्येकांनी इथे आल्यावर ती बदललीही. जमीन क्रमांक मात्र बदलत नाही.

सगळ्यांनाच होमस्टेड मिळाली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. 1907 च्या मेसाबी लोहखाणींतल्या संपानंतर अनेक फिनिश कामगार खाणमालकांच्या काळ्या यादीत गेले. त्यांतल्या पुष्कळांनी जंगल तोडून झालेली, बुंध्यांनी भरलेली जमीन विकत घेऊन शेती धरली. अशा घरासाठी अभिलेखागारात फाइल नसते, काउंटीच्या नोंदणी कार्यालयातली खरेदीखतं बघावी लागतात. अर्जात हा फरक नीट मांडला तर घराचं महत्त्व वाढतं, कारण मग ते घर ‘फिनिश लोक इथे आले’ एवढंच सांगत नाही. खाणीतून हाकलले गेल्यावर ते कुठे गेले, हेही सांगतं.

दुसरी बाजू घरातल्या वस्तूंची. भिंतींना आतून चिकटवलेली वर्तमानपत्रं ही आमच्या कामातली सगळ्यात मजेची गोष्ट. अंकावरची तारीख फक्त इतकं सांगते की हा थर त्या दिवसाच्या आधी चढलेला नाही. घर त्याहून जुनं असू शकतं. पण वर्तमानपत्र कोणतं, याकडेही बघावं. 1914 पासून सुपीरियर शहरातून निघणारं ‘त्यॉमिएस’ हे समाजवादी कामगारांचं पत्र होतं, तर हॅनकॉकचं ‘अमेरिकन सुओमेतार’ चर्चच्या गोटातलं. फिनिश वस्त्यांत ‘लाल’ आणि ‘चर्चवाले’ अशी उभी फूट होती. त्यावरून घरमालकाची राजकीय मतं लगेच ठरवू नयेत, रद्दी शेजाऱ्याकडूनही येते. पण पुढे कोणत्या कामगार-सभागृहाच्या किंवा चर्चमंडळीच्या सभासद-वह्या चाळायच्या, याचा धागा मिळतो. खिळ्यांचा उपयोग कमी. तारेचे गोल खिळे 1890 च्या दशकात सगळीकडे रुळले होते, तेव्हा 1900 नंतरच्या घरात ते सापडले तर त्यात नवल काही नाही.

तिसरी बाजू वृक्षवलयांची. ओंडक्यातून पेन्सिलीएवढा गाभा काढून त्यातली वर्तुळं त्या भागातल्या झाडांच्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. जिवंत झाडासाठीचं हाताने फिरवायचं गिरमिट सुक्या, जुन्या लाकडात अडकतं किंवा मोडतं. त्यासाठी विजेच्या ड्रिलला लावायची पोकळ बिट लागते. झाड कोणत्या वर्षी तोडलं हे कळायला सालीलगतचं शेवटचं वलय हवं, आणि तासताना नेमकं तेच निघून गेलेलं असतं. म्हणून तासलेल्या सपाट भागात भोक पाडण्यात अर्थ नाही. कुऱ्हाड जिथे पोहोचली नाही अशा, सालीची गोलाई शिल्लक असलेल्या कडा शोधायच्या. पन्नासपेक्षा कमी वलयांचा नमुना सहसा जुळत नाही. एका ओंडक्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, कारण जुन्या इमारतीतले ओंडके पुन्हा वापरणं ही सर्रास पद्धत होती. भोकं आतल्या बाजूने किंवा माळ्यावरून घ्यावीत आणि त्याच जातीच्या लाकडाच्या खुंटीने बुजवावीत.

अर्ज

नोंदवही 1966 च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने आली. अर्जाचे दोन विभाग महत्त्वाचे: सातवा घराच्या वर्णनाचा, आठवा घराचं महत्त्व सांगणारा. सातव्यात जे आहे ते लिहायचं, नावडतं असलं तरी. 1950 नंतर मागे जोडलेली खोली, बदललेल्या खिडक्या, पत्र्याचं छप्पर, सगळं. लपवलेला बदल फोटोत दिसतोच आणि मग अर्जातल्या बाकीच्या विधानांवरचा विश्वासही उडतो.

आठव्या विभागात चार निकषांपैकी निदान एक सिद्ध करावा लागतो. या घरांना लागू पडतात ते ‘अ’, म्हणजे व्यापक इतिहासाशी संबंध, आणि ‘क’, म्हणजे बांधणीचं वैशिष्ट्य. मसुद्यात सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे फिनलंडमधल्या लोकसंस्कृतीवर पानंच्या पानं लिहायची आणि या घराबद्दल दोन परिच्छेद. परीक्षकाला हवं असतं ते उलट: या तालुक्यात अशी किती घरं टिकली, त्यांत हे कुठे बसतं, कोणता सांधा इथे शाबूत आहे. सेंट लुईस काउंटीतल्या ग्रामीण फिनिश ओंडका-बांधकामांचा एकत्रित संदर्भ-दस्तऐवज आधीच तयार असून त्याखाली 1990 मध्ये घरं, सौना (वाफेच्या अंघोळीच्या खोल्या), कोठारं अशा बऱ्याच इमारती नोंदवल्या गेल्या. तुमची इमारत त्यात बसत असेल तर पार्श्वभूमी नव्याने लिहायची गरज उरत नाही. राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करण्याचा हट्टही नको. स्थानिक पातळीचं महत्त्व नोंदीला पुरतं.

मग येते अखंडता. ती सात अंगांनी तपासतात: जागा, आराखडा, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव, संबंध. ओंडक्यांच्या घरांचा घात बहुतेकदा ‘जागा’ करते. ही घरं सुटी करून पुन्हा उभारता येतात, त्यामुळे ती हलवली जातात. अर्जात घराच्या महत्त्वाचा म्हणून जो काळ धरला आहे, त्यापूर्वी हलवलं असेल तर अडचण नाही. पण तलावाकाठी पर्यटकांसाठी 1980 मध्ये आणून ठेवलेल्या घराला वेगळं समर्थन द्यावं लागतं आणि ते बहुतेकदा ‘क’वरच निभावू शकतं. एकटं घर नोंदवू नका, असंही आम्ही मालकांना सांगतो. सौना, विहीर, गोठा, शेतातला दगडांचा ढीग, सगळं हद्दीत घ्या. फिनिश वसाहतदार कित्येकदा आधी सौना बांधायचा, घर उभं राहीपर्यंत तिथेच राहायचा. मग शेतावरची सगळ्यात जुनी इमारत घर नसून मागची काळी पडलेली खोली निघते, आणि नेमकी तीच पाडायचं ठरलेलं असतं.

अर्ज राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयात जातो. तिथल्या परीक्षण मंडळाच्या बैठकीआधी किमान 30 आणि जास्तीत जास्त 75 दिवस मालकाला लेखी सूचना मिळते. खाजगी मालकाने रीतसर हरकत घेतली तर नोंद होत नाही. मंडळाने शिफारस केली की कागद वॉशिंग्टनला जातात आणि तिथे 45 दिवसांत निर्णय होतो. नोंद झाली म्हणजे घरावर सरकारचा ताबा आला, ही भीती अनाठायी. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घरात काही करायला या नोंदीने बंदी येत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की नोंद घराला वाचवतही नाही. मालकाला ते उद्या पाडता येतं. 20 टक्के केंद्रीय करसवलत फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतीला आहे. राहत्या घराला ती मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

दुरुस्ती

नोंदीनंतर उत्साहाच्या भरात जे होतं त्याने नोंदीचा आधारच जातो. सर्वांत वाईट दोन गोष्टी: वाळूचा मारा किंवा जोरदार पाण्याचा फवारा करून लाकूड ‘स्वच्छ’ करणं, ज्यात कुऱ्हाडीच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात; आणि फिनिश भिंतीत फटींतला भराव (मसाला) उडून गेलाय असं समजून खोबणीच्या रेषेवर सिमेंट भरणं. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, कडेला केसाएवढी भेग पडते, तीतून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. काही वर्षांनी सिमेंट काढलं की मागचं लाकूड हाताने खरवडता येतं. ज्या भिंतींत मुळातच फट आणि मसाला आहे, तिथेही चुन्याचं प्रमाण जास्त हवं: 1 भाग चुना, 4 भाग वाळू आणि सिमेंट घातलंच तर पाव भाग.

कूज शोधायला टोचायची आरी आणि छोटा हातोडा पुरतो. खण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं की टोचून बघा. आर्द्रतामापक 20 टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. थंडीत गोठलेल्या लाकडावरचा आकडा खरा नसतो आणि पूर्वी बोरेटचं मीठ लावलेलं असेल तर तो फसवा जास्त येतो. दोषी बहुतेक वेळा तळाचा ओंडका नसतोच. छपराची वळचण कमी पुढे आलेली असते किंवा शंभर वर्षांत भिंतीलगत माती चढलेली असते, आणि पागोळ्यांचे शिंतोडे थेट लाकडावर उडतात. माती खणून तळाचा ओंडका जमिनीपासून निदान 8 इंच वर मोकळा करायचा आणि पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार द्यायचा. हे न करता ओंडका बदलला तर नवाही कुजतो, आणि लवकर कुजतो, कारण आजचं लवकर वाढलेलं पाइन जुन्या जंगलातल्या लाकडाइतकं टिकाऊ नसतं.

तळाचा ओंडका बदलायचाच झाला तर आधी भिंतवार अक्षर आणि ओंडकावार क्रमांक असे पितळी बिल्ले लावायचे. तावदानं काढायची. आणि चिमणी बघायची, कारण हे बहुतेकजण विसरतात: विटांची चिमणी स्वतःच्या पायावर उभी असते आणि भिंत उचलली तरी ती जागची हलत नाही. छपराशी असलेला तिचा पत्र्याचा जोड आधी सोडवला नाही तर तो छप्पर फाडतो. कुजलेल्या ओंडक्याच्या वरच्या ओंडक्याखाली आडवी तुळई घालून दोन्ही बाजूंना जॅक लावायचे. एका वेळी आठवा भाग इंच, मग थांबायचं, कोपऱ्यांतले आवाज ऐकायचे, पुन्हा आठवा भाग. हायड्रॉलिक जॅक रात्रीतून हळूहळू बसतो, म्हणून प्रत्येक उचलीबरोबर लाकडी ठोकळ्यांची चळत वर सरकवायची. वजन जॅकवर ठेवून कुणीही घरी जायचं नाही.

पूर्ण ओंडका काढण्याआधी विचारायचा प्रश्न: कूज किती खोल? बाहेरचे दोन इंच गेले असतील तर तेवढंच कापून त्याच जातीच्या लाकडाचा अर्धा तुकडा बाहेरून बसवावा. मूळ खोबण आणि आतला चेहरा वाचतो. टोक कुजलं असेल तर टोकच जोडावं. एपॉक्सी (घट्ट होणारा रासायनिक भराव) लहान खड्ड्यांना ठीक. मोठ्या भागात ते ओलावा अडवून शेजारचं लाकूड कुजवतं. नवं लाकूड 20 टक्क्यांखाली वाळलेलं हवं, नाहीतर ते आकसतं आणि वरची भिंत एका बाजूने बसते. नव्या तुकड्यावर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या कारागिराला तो 1900 चा वाटणार नाही. दगड आणि ओंडक्याच्या मध्ये भोजपत्राचा, म्हणजे बर्च झाडाच्या सालीचा, जुना थर सापडला तर तो फेकू नका. जमिनीतली ओल तोडण्यासाठी तो मुद्दाम घातलेला असतो. नवा थर घाला, जुन्याचा नमुना क्रमांक टाकून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो बुरशीने जातो.